दौडणं सगळ्यांना दिसतं, थांबणं कोण शिकवतं? कृष्णाकाठच्या चाबुकस्वारांची गोष्ट

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही आणि जे बसमध्ये उभ्या उभ्या वाचतात, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त काही ठिकाणी थोडा विस्तार केलाय.

मला एक सांगा, ‘मराठ्यांचा घोडा’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? धूळ, भगवा, स्लो मोशन आणि मागे ढोल. रील बघा, सिनेमा बघा, मित्राचा डीपी बघा, घोडा कायम पळतोय. थांबलेला घोडा आपल्याला फक्त चौकातल्या पुतळ्यात दिसतो.

आज मला पळण्याबद्दल बोलायचं नाहीये. भरधाव घोडा दुडकीवर कसा येतो, दुडकीवरून चालीवर कसा येतो आणि चालीवरून शांत उभा कसा राहतो, याबद्दल बोलायचंय. इंग्रजीत घोडेस्वार याला डाऊनवर्ड ट्रान्झिशन म्हणतात. आपण साध्या मराठीत ‘चाल उतरवणं’ म्हणू. कोवळ्या घोड्याला हे शिकवणं हा सगळ्या घोडेविद्येतला सगळ्यात चिवट धडा आहे. आणि तो शिकवणारी माणसं आपल्या सातारा-सांगली पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नाहीत. एकाचं नाव उरलं, ते का उरलं तेही आज बघू.

उमराणी आणि नेसरी

सुरुवात प्रतापराव गुजरांपासून करू, कारण ते सगळ्यांना माहीत आहेत. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या भोसरे गावचे. शिवाजी महाराजांचे सरनोबत, म्हणजे घोडदळाचे प्रमुख. २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीच्या खिंडीत मोजक्या स्वारांनिशी ते बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि धारातीर्थी पडले. परंपरेने आपण सात वीर म्हणतो. त्यावरचं गाणं आपल्या प्रत्येकाच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये वाजलंय.

पण त्याच्या दहा महिने आधी काय झालं होतं, ते गॅदरिंगमध्ये कुणी सांगत नाही. एप्रिल १६७३, ठिकाण उमराणी. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात येतं. तोच बहलोलखान, तेच प्रतापराव. जतचा उन्हाळा तुम्हाला माहितीये. प्रतापरावांच्या घोडदळाने खानाच्या फौजेची पाण्याची वाट अडवली आणि लढाई संपवली. खान शरण आला, प्रतापरावांनी त्याला सोडून दिलं. त्यावरून महाराज नाराज झाले आणि पुढे नेसरी घडली. हा भाग आपल्याला माहीत असतो.

मला त्यातलं पहिलं वाक्य महत्त्वाचं वाटतं. पाण्याची वाट घोडदळाने अडवायची म्हणजे काय करायचं? समोरून धाडकन जाऊन आदळायचं नाही. जायचं, दाबायचं, मागे यायचं, थांबायचं, वळायचं, पुन्हा जायचं. दिवसभर. उन्हात. शेकडो घोडे एकाच वेळी. एक जरी घोडा स्वाराचं न ऐकता सुटला, तर तो स्वाराला घेऊन थेट शत्रूच्या गोटात जाणार.

मराठ्यांची लढायची ही पद्धत सगळ्या जगाला माहीत आहे. अंगावर जायचं, पळाल्यासारखं करायचं, शत्रू पांगला की उलटायचं. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं. पण ती एक ओळ खरी व्हायची असेल, तर खाली घोडा तसा तयार लागतो. ‘पळाल्यासारखं’ आणि ‘पळालं’ यात फरक एवढाच, की पहिल्यात घोडा तुम्ही सांगाल तिथे थांबतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे: नेसरीची दौड आपण गातो, ते योग्यच आहे. पण घोडदळ रोज जिंकायचं ते उमराणीच्या पद्धतीने, आणि उमराणीच्या मागे पागेत घालवलेली वर्षं होती. प्रतापरावांनंतर सरनोबत झालेले हंबीरराव मोहिते कराडजवळच्या तळबीडचे. भोसरे, तळबीड, उमराणी, तिन्ही गावं सातारा आणि सांगली याच दोन जिल्ह्यांत.

तुमच्या तोंडात रोज घोडा असतो

आता एक गंमत. तुम्ही आयुष्यात घोड्याला हात लावला नसेल, तरी घोड्याच्या शिक्षणातले शब्द तुम्ही रोज वापरता.

पहिला शब्द ‘कावा’. गनिमी कावा, कावेबाज, त्याचा कावा ओळखला. जुना शब्दकोश काढा. कावा म्हणजे घोड्याला दोरीवर किंवा लगामावर गोल गोल फिरवणं. मध्ये माणूस उभा, बाहेर घोडा वर्तुळात. आज रायडिंग क्लबमध्ये याला लंजिंग म्हणतात. डावपेच हा अर्थ त्याच शब्दाला आहे. घोड्याला चकरा देणं आणि शत्रूला चकवणं, दोन्हीसाठी एकच शब्द. यावरून घोड्याची तालीम आपल्या बोलण्यात किती मुरली होती ते कळतं.

दुसरा शब्द ‘जेरबंद’. बातमी असते, ‘बिबट्या जेरबंद’. मुळात जेरबंद हा एक चामड्याचा पट्टा. घोड्याच्या पोटाच्या तंगापासून निघतो, पुढच्या दोन पायांमधून जातो आणि तोंडाच्या साजाला बांधला जातो. कशासाठी? थांबवताना घोड्याने मान वर झटकू नये म्हणून. म्हणजे हा शब्द थेट आपल्या आजच्या विषयातला आहे.

तिसरा शब्द आता विसरलाय, ‘चाबुकस्वार’. ऐकताना वाटतं हा चाबूक मारत सुटणारा कुणीतरी असेल. प्रत्यक्षात चाबुकस्वार म्हणजे घोडा शिकवणारा. पागेत नवा घोडा आला की तो याच्या हाती. मोतद्दार घोड्याला चारा-पाणी आणि खरारा करणार, नालबंद नाल ठोकणार, आणि चाबुकस्वार त्याला माणसाचं वजन घेऊन चालायला, पळायला आणि थांबायला शिकवणार.

शिवाजी महाराजांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदार स्वतःचा घोडा घेऊन यायचा. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा. सभासदाच्या बखरीप्रमाणे दर पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असायचा. मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला बारगिरांची व्यवस्था फार आवडते. घोडा सरकारचा, स्वार बदलू शकतो. आज याने चालवला, उद्या तो जखमी झाला तर दुसरा बसणार. मग घोड्याला शिकवलेले इशारे सगळ्यांसाठी सारखेच असले पाहिजेत. आमच्याकडे याला स्टँडर्ड इंटरफेस म्हणतात. ‘थांब’ म्हणजे थांब, मग वर कोणीही असो.

तीनशे किलोचं गणित

बरं, थांबणं एवढं अवघड का? लगाम ओढला की थांबला, असं नाही का?

नाही. जरा वजनाचा हिशोब करू. घोडा नुसता उभा असतो तेव्हा त्याचं साधारण साठ टक्के वजन पुढच्या पायांवर असतं, कारण मान आणि डोकं पुढे आहे. आपल्या दख्खनी तट्टासारखा एक तीनशे किलोचा घोडा धरा. म्हणजे १८० किलो पुढे, १२० किलो मागे. वर साठ-सत्तर किलोचा माणूस, तोही पाठीच्या मध्यापेक्षा थोडा पुढेच बसतो. पुढचे पाय आणखी लादले गेले.

आता हा घोडा पळतोय आणि तुम्ही अचानक लगाम ओढलात. बाईकवर फक्त पुढचा ब्रेक दाबल्यावर काय होतं? तेच होतं. सगळं वजन पुढे कोसळतं. घोडा मान वर झटकतो, पाठ खाली वाकवतो, तोंड उघडतो आणि तीन-चार ठेचाळत्या पावलांत कसातरी हळू होतो. त्याच्या पुढच्या पायांच्या शिरांवर ताण येतो, तुमच्या कमरेवर येतो. आणि या अवस्थेतून त्याला लगेच वळवता येत नाही, कारण वळायला लागणारे मागचे पाय कुठेतरी मागेच राहिलेत.

चांगला शिकलेला घोडा याच्या बरोबर उलट करतो. हळू होताना तो मागचे पाय पोटाखाली आत घेतो, पुठ्ठे किंचित खाली बसवतो आणि वजन मागे घेतो. पुढचा भाग हलका होतो. अशा थांबण्यातून तो पुढच्याच क्षणी डावीकडे, उजवीकडे किंवा परत पुढे सुटू शकतो. उमराणीला जे लागलं असणार ते हे.

थोडक्यात, घोडा थांबतो मागच्या पायांवर. लगाम आहे तोंडात. मधल्या दीड मीटरमध्ये पाठ आहे आणि पाठीवर तुम्ही आहात. म्हणून थांबण्याचा निरोप हातापेक्षा आधी बैठकीतून जावा लागतो. जुन्या मराठीत स्वाराच्या या बैठकीला ‘मांड’ म्हणतात. ‘त्याची मांड पक्की आहे’ हे कौतुक होतं, आणि ते उगाच नव्हतं.

कोवळा घोडा कसा शिकतो

घोड्यावर स्वारीची सुरुवात साधारण तीन-चार वर्षांचा झाल्यावर करतात. तरीही त्याच्या पाठीच्या मणक्यांची वाढ पूर्ण व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. म्हणजे वरून ताठ दिसणारा घोडा आतून अजून पोरगाच असतो. घाई इथेच नडते.

शिकवण्याचा क्रम जगभर जवळजवळ सारखा आहे.

आधी कावा. पाठीवर कुणी नाही. पंधरा ते वीस मीटरच्या वर्तुळात घोडा दोरीवर फिरतो आणि माणसाचा आवाज ओळखायला शिकतो. चढता आवाज म्हणजे पुढे, लांबवलेला उतरता आवाज म्हणजे हळू. वर्तुळाचा फायदा असा की वळणावर घोड्याला आतला मागचा पाय पोटाखाली घ्यावाच लागतो. म्हणजे थांबण्यासाठी जी हालचाल हवी, ती वर्तुळ आपोआप करून घेतं.

मग पाठीवर स्वार. पहिला धडा चालीवरून उभं राहणं, बाकी काही नाही. स्वार आधी स्वतः थांबतो: श्वास सोडतो, कंबर घोड्याच्या हालचालीबरोबर झुलवणं बंद करतो, मांड्या आवळतो. घोड्याने नाही ऐकलं तर मग बोटं लगामावर मिटायची. ऐकलं, की त्याच क्षणी बोटं सोडायची. ते सोडणं हेच घोड्याचं बक्षीस. घोड्याला ओढण्यातून काही कळत नाही, ओढणं थांबलं यातून कळतं. सोडायला दोन सेकंद उशीर केला तर त्याला कळतच नाही की आपण नेमकं काय बरोबर केलं.

हे जमलं की दुडकीवरून चाल. दुडकी दोन ठोक्यांची, कारण तिरपे पाय जोडीने पडतात. चाल चार ठोक्यांची. या बदलात कोवळा घोडा अडखळतो, घसरतो किंवा नुसता लोळत लोळत हळू होतो. म्हणून अचानक मागायचं नाही. दुडकीतच आधी एक छोटा इशारा द्यायचा, घोडा जरा आवरतो, मग सोडायचं, पुन्हा इशारा, पुन्हा सोडायचं, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी चालीवर आणायचं. या छोट्या इशाऱ्याला हाफ-हॉल्ट म्हणतात. गाडीच्या एबीएससारखं समजा. ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरला तर चाक लॉक होतं, थोडं थोडं दाबत-सोडत गेलं तर गाडी ताब्यात राहते.

दुडकी पक्की झाली की तीन ठोक्यांचा कॅन्टर, मग भरधाव. प्रत्येक पायरीवर तोच धडा नव्याने. एका वेळेला वीसेक मिनिटं पुरतात. दिवसाला बरेच बदल, पण प्रत्येक छोटा. कंटाळा यायच्या आत थांबायचं.

आणि एक गोष्ट जी नवशिक्याला पटत नाही: चाल उतरवताना घोड्याला पुढे ढकलावं लागतं. पिंडऱ्या हलक्या लावून ठेवायच्या, म्हणजे मागचे पाय झोपी जात नाहीत, आत येत राहतात. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही थोडे थोडे. फ्रान्समध्ये गेरिनिएर नावाच्या घोडेशिक्षकाने १७३३ साली आपल्या ग्रंथात ही विद्या सविस्तर मांडली. तेव्हा आपल्याकडे छत्रपती शाहू महाराज साताऱ्याहून राज्य करत होते आणि पेशवे होते पहिले बाजीराव, ज्यांच्या घोडदळाने पाचच वर्षांपूर्वी पालखेडला निजामाला नुसतं फिरवून फिरवून कोंडलं होतं. तिथे ग्रंथ लिहिला गेला, इथे चाबुकस्वाराने पोराला शिकवलं आणि पोराने नातवाला.

शॉर्टकट

इथपर्यंत सगळं छान छान झालं. आता जे ऐकायला बरं वाटत नाही ते.

वर सांगितलेल्या शिक्षणाला महिने लागतात, नीट करायचं तर वर्ष-दोन वर्षं. ज्याला तेवढा वेळ नाही, पैसा नाही किंवा धीर नाही, त्याच्यासाठी एक शॉर्टकट फार जुना आहे. काटेरी लगाम. घोड्याच्या तोंडातल्या लोखंडी दांडीला टोकं किंवा खिळे काढायचे. ओढलं की जिभेला आणि हिरडीला टोचतं. घोडा थांबतो. दुखलं म्हणून थांबतो.

हा शॉर्टकट आपलाच शोध आहे असंही नाही. सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये झेनोफनने घोडेस्वारीवर पुस्तक लिहिलं, त्यात गुळगुळीत आणि खरखरीत अशा दोन्ही प्रकारच्या लगामांचा उल्लेख आहे. जबरदस्तीने करून घेतलेलं काम घोड्याला कळत नाही, हेही तोच माणूस सांगतो. म्हणजे वाद तेव्हापासून चालू आहे. आपल्याकडे रुडयार्ड किपलिंगचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग, जे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकवायचे, त्यांनी १८९१ मध्ये भारतातल्या जनावरांवर एक पुस्तक लिहिलं आणि या काटेरी लगामांवर टीका केली.

काटेरी लगामाने थांबवलेला घोडा बाहेरून रुबाबदार दिसतो. मान आखडलेली, तोंडाला फेस, पुढचे पाय हवेत. लोक टाळ्या वाजवतात. पण आधीचं गणित आठवा. मान वर गेली की पाठ खाली जाते, पाठ खाली गेली की मागचे पाय आत येत नाहीत. तो घोडा थांबलाय, पण शिकलेला नाही. उद्या लगाम तुटला तर त्याला थांबवणारं काहीच नाही.

म्हणून पागेत चांगला चाबुकस्वार असणं ही चैन नव्हती. तो असेल तर घोडं दहा-पंधरा वर्षं कामाला येतं. नसेल तर तोंड फाटलेली, पाय गेलेली जनावरं हाताशी राहतात.

अंकलखोपचे विष्णुपंत

१८१८ ला पेशवाई गेली. साताऱ्याला छत्रपतींची गादी इंग्रजांच्या देखरेखीखाली आणखी तीस वर्षं राहिली, १८४८ ला तीही खालसा झाली. सांगली, मिरज, कुरुंदवाड, जमखंडी अशी पटवर्धनांची संस्थानं मात्र राहिली. लढाया संपल्या. पागा उरल्या त्या दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी आणि राजेसाहेबांच्या हौसेसाठी. मग हजारो घोडे शिकवणाऱ्या माणसांनी काय करायचं? बहुतेकांची विद्या त्यांच्याबरोबरच गेली.

एकाची गेली नाही. विष्णुपंत छत्रे. जन्म कृष्णाकाठच्या अंकलखोपचा. औदुंबरला दत्ताच्या दर्शनाला गेला असाल तर त्याच्या शेजारचंच हे गाव. विष्णुपंत ग्वाल्हेरला गेले आणि तिथे बाबासाहेब आपटे यांच्याकडे अश्वविद्या शिकले. त्याच मुक्कामात हद्दू खाँसाहेबांकडे गाणंही शिकले. परत आल्यावर कुरुंदवाडच्या पागेवर चाबुकस्वार झाले. कुरुंदवाड म्हणजे नरसोबाच्या वाडीच्या पलीकडचं, सांगलीहून तासाभराच्या आतलं. काही इंग्रजी लेखांत चुकून ‘कुर्डुवाडी’ छापलेलं सापडतं, ते सोलापूर जिल्ह्यातलं रेल्वे जंक्शन, त्याचा इथे संबंध नाही.

पुढची गोष्ट अशी सांगतात. मुंबईत किआरिनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस आली. राजेसाहेबांबरोबर विष्णुपंतही बघायला गेले. किआरिनी म्हणाला, असली सर्कस काढणं हिंदुस्थानी माणसाला इतक्यात जमायचं नाही. विष्णुपंतांनी ते मनावर घेतलं आणि १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीयांची पहिली आधुनिक सर्कस उभी राहिली: द ग्रेट इंडियन सर्कस. तिच्यात मुख्य खेळ घोड्यांचे, आणि घोड्यांवर स्वतः विष्णुपंत.

संवाद शब्दशः तसाच झाला असेल का, ते सोडा. मला प्रश्न पडतो तो वेगळा: एका चाबुकस्वाराला सर्कस बघून ‘हे तर मला येतं’ असं का वाटलं असेल?

उत्तर रिंगणात आहे. आधुनिक सर्कस सुरू केली लंडनच्या फिलिप ॲस्टलीने, १७६८ मध्ये. हा कोण? इंग्रजी घोडदळातला निवृत्त सार्जंट मेजर. त्याच्या खेळातून सर्कशीच्या रिंगणाचं माप ठरून गेलं, ४२ फूट व्यास, म्हणजे जवळजवळ तेरा मीटर. या मापात घोडा एका लयीत कॅन्टर करू शकतो, किंचित आत झुकतो, आणि त्याच्या पाठीवर माणूस उभा राहू शकतो. मध्ये मास्तर उभा, बाहेर घोडा वर्तुळात. ओळखीचं वाटतंय? सर्कशीचं रिंगण म्हणजे कावाच. घोडदळाच्या तालमीतून इंग्रज सार्जंटने तंबूत नेलेली गोष्ट कुरुंदवाडच्या चाबुकस्वाराने बघितली आणि त्याला ती परकी वाटली नाही.

आणि पाठीवर कुणी उभं असताना घोड्याने चाल कशी उतरवावी, विचार करा. तिथे लगाम ओढायला हातच नाहीत. कॅन्टरवरून दुडकीवर येताना एक झटका बसला तर वरचा माणूस मातीत. सगळं मास्तरच्या आवाजावर आणि चाबकाच्या टोकाच्या दिशेवर. काटेरी लगामाचा शॉर्टकट इथे चालतच नाही. सर्कशीने त्या विद्येतला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सभ्य भाग वाचवला.

विष्णुपंत गवई होते, याचाही संबंध मला दिसतो. हा माझा अंदाज आहे, पण ऐका. गवई द्रुत लयीतून मोकळा होऊन समेवर येतो तेव्हा धाडकन थांबत नाही, लय सांभाळत उतरतो. घोड्याची चाल उतरवणंही तेच आहे: वेग कमी होतो, ठोका मोडत नाही. गुरुपुत्र रहिमत खाँ विपन्नावस्थेत होते, तेव्हा विष्णुपंतांनी त्यांना आपल्याकडे आणलं आणि सर्कशीबरोबर गावोगाव त्यांचं गाणं लोकांना ऐकवलं. रहिमत खाँ १९२२ मध्ये कुरुंदवाडलाच वारले. विष्णुपंत त्याआधी, १९०५ मध्ये.

त्यांच्यामागून म्हैसाळच्या देवलांनी सर्कस काढली, तासगावच्या परशुराम माळींनी काढली. मिरज आणि तासगाव तालुक्यांतली ही गावं. लोक म्हणतात, सर्कस सांगलीच्या मातीतच कशी उगवली? माझ्या मते एक कारण सोपं आहे. इथे पागा होत्या.

आज

सर्कशीत आता घोडेसुद्धा क्वचितच दिसतात. आपल्या भागात घोडा उरलाय तो तीन ठिकाणी: लग्नाच्या वरातीत, यात्रेतल्या घोडागाडीच्या शर्यतीत आणि अकलूजसारख्या घोडेबाजारात. चांगली बातमी म्हणजे भीमेच्या खोऱ्यातल्या आपल्या भीमथडी घोड्याची अलीकडच्या वर्षांत स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झाली. म्हणजे घोडा वाचवायला सुरुवात झालीये. त्याला शिकवणाऱ्यांची विद्या वाचवायची मात्र अजून बाकी आहे.

वाईट बातमी म्हणजे शॉर्टकट अजून जिवंत आहे. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५चे नियम आहेत, त्यात काटेरी लगाम वापरायला स्पष्ट बंदी आहे. साठ वर्षं झाली. तरी बाजारात मिळतो, वरातीत दिसतो. सांगली-सोलापूर भागात ‘ॲनिमल राहत’ ही संस्था घोडेवाल्यांकडून असे लगाम काढून घेऊन त्या बदल्यात गुळगुळीत लगाम देते. घोडेवाल्याला शिव्या घालून उपयोग नाही. वरातीच्या डीजेपुढे, फटाक्यांमध्ये, चारशे माणसांच्या गर्दीत त्याला घोडा उभा ठेवायचाय, आणि त्याच्या आजोबांच्या पिढीत जे शिकवणारे होते ते आता नाहीत. त्याच्या हातात जे आहे, ते तो वापरतो.

तुमच्या हातात काय आहे? या सीझनला मित्राच्या किंवा भावाच्या लग्नात घोडा ठरवाल, तेव्हा दोन गोष्टी बघा. एक, घोड्याच्या ओठांच्या कोपऱ्याला जखम आहे का, तोंडातली दांडी गुळगुळीत आहे का. दोन, घोडेवाल्याला सांगा की घोडा जरा चालवून उभा करून दाखव. मान खाली आणि शांत ठेवून थांबला, तर त्या माणसाला त्याचं काम येतं. त्याला हजार रुपये जास्त द्या. मान आभाळाकडे करून, तोंड वासून थांबला, तर दुसरा घोडा बघा, आणि का नाकारला ते त्याला नीट, आदराने सांगा. डीजे घोड्यापासून लांब ठेवायला सांगणं तर फुकट आहे.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या घरात कुणी पागेवर, टांग्यावर किंवा सर्कशीत काम केलेलं असेल तर त्यांना बोलतं करा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. विशेषतः हे विचारा, की ते घोडा थांबवायला कोणता आवाज काढायचे. पुस्तकात तो आवाज लिहिता येत नाही, आणि फोन आपल्या सगळ्यांच्या खिशात आहे.

भेटू पुढच्या भागात. राम राम.